मूळचा रंग

म्हातारीच्या नाकावर नवा चष्मा नीट बसवून, कानामागची काडी जराशी वाकवून नबरा मागे सरली आणि नेहमीच्या सवयीने म्हणाली, "बघा बरं आता, हाज्जा. समोरचं कसं दिसतंय?" समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. काउंटरवर छोटा आरसा होता, काचेबाहेर कैरोच्या अताबा चौकातली सकाळची गर्दी होती. म्हातारीने यातलं काहीच पाहिलं नाही. तिने आधी नबराच्या तोंडाकडेच पाहिलं. बरेच दिवस सगळं पुसट बघत आलेल्या माणसाला एकदम कडा दिसू लागल्या की होतं तसा तिचा चेहरा फुलला, आणि मग हळूहळू उतरला. तिने हात पुढे केला. नबराच्या उजव्या गालाच्या हाडाशी बोट आणलं; लावलं मात्र नाही. "कुणी मारलं गं पोरी?"

"मारलं नाही हो कुणी," नबरा हसून म्हणाली. "तळताना तेल उडालं होतं. झाले त्याला किती दिवस."

"हो हो," म्हातारी म्हणाली. तिच्या आवाजात अविश्वास नव्हता. उलट अगदी आतल्या गोटातली समजूत होती. "आमच्या वेळी आम्ही जिन्यावरून पडायचो. हात झडोत त्याचे." एवढं बोलून तिने काउंटर धरला, पिशवी काखेत मारली आणि नव्या चष्म्यातून पायरी बघत बघत ती उतरून गेली.

नबरा आरसा पुसत राहिली. तो स्वच्छच होता. दुकानात ती गेली बारा-पंधरा वर्षं लोकांच्या तोंडासमोर आरसे धरत आली होती. पण आरसा धरणाऱ्याला आरशाची पाठ दिसते, हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आता तिने तो स्वतःकडे फिरवला. डाग होता, हे तिला माहीत होतं. ईदच्या आदल्या दिवशी भिजवलेल्या पावट्याच्या वड्या तळताना एक थेंब उडाला, चुरचुरला, फोड आला, खपली धरली, पडली. तिने तेव्हाच ते प्रकरण संपवून टाकलं होतं. कातडीने मात्र संपवलं नव्हतं. खपली गेली तिथे आधी मसुराएवढा काळा ठिपका राहिला. मग कुणीसं सांगितलं म्हणून ती त्यावर लिंबू आणि साखर चोळायला लागली. लिंबू लावून दुपारच्या उन्हात कामावर यायची. ठिपका पसरला. त्याच्या कडा निळसर झाल्या. आज तिने परक्या नजरेने पाहिलं, आणि खरंच, अगदी खरंच, ते एखाद्या माणसाने मूठ वळून मारल्यासारखं दिसत होतं. मारणारा डावखुरा असता तर नेमकं तिथेच लागलं असतं. आणि तिचा नवरा शाझली डावखुरा होता.

हा विचार आला आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. शाझली! जो माणूस वर्गातल्या व्रात्य पोरांवरही आवाज चढवत नाही, म्हणून मुख्याध्यापकांची बोलणी खातो. घरात झुरळ निघालं तर त्याला कागदावर घेऊन जिन्यात सोडून येतो. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत त्याने तिच्यावर उगारलेली एकच गोष्ट म्हणजे गणिताचा पेपर, तोही वारा घालायला. पण हे कुणाला सांगणार? म्हातारी तर निघून गेली होती. ती आता कुठेतरी बसमध्ये शेजारणीला सांगत असेल, की चष्म्याच्या दुकानातली ती काळी नुबी पोर, चांगली आहे हो, पण नवरा मारतो. सगळ्या शहरात एका माणसाबद्दल एक खोटी गोष्ट मोकळी सुटली होती, आणि ती आपल्या गालावरून सुटली होती.

संध्याकाळी तो दुकानापाशी घ्यायला आला. शाळा सुटल्यावर दोन शिकवण्या आटोपून तो असा कधीकधी यायचा, आणि मग दोघं अब्दीनच्या घरापर्यंत चालत जायची. फुटपाथवर नेहमीसारखी ती त्याच्या डाव्या अंगाला होती. समोरून येणारी एक बाई आधी तिच्याकडे बघते, मग त्याच्याकडे, आणि पुन्हा तिच्याकडे, असं तिला वाटलं. मग दुसरीही. रसवाल्याने पेले देताना नजर चुकवली. नबराने ओढणी पुढे ओढून घेतली आणि बोलता बोलता बाजू बदलली. शाझली तिसरीतल्या कुणा पोराची गंमत सांगत होता. तिने जागा बदलली तशी त्यानेही मान वळवली आणि गोष्ट पुढे चालू ठेवली. म्हातारीचं बोलणं त्याला सांगावं असं तिच्या मनात दोनदा आलं. तो हसला असता. पण हसण्याआधी क्षणभर त्याचा चेहरा जो होईल तो तिला बघायचा नव्हता. नील नदीच्या वरच्या अंगाकडून आलेली ही काळी, उंच, मुकाट नुबी माणसं; ह्यांच्याबद्दल या शहरात काय काय बोलतात हे दोघांनाही लहानपणापासून ठाऊक होतं. त्यात आणखी ही एक भर.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर मदाम सुहेरचं सौंदर्यगृह होतं. दोन खुर्च्या, एक वाफेचं यंत्र आणि भिंतीवर गोऱ्यापान बायकांची चित्रं. सुहेर गोड बोलायची, चहा पाजायची, आणि जिन्यात दिसली की न चुकता म्हणायची, "नबरा, तुझे डोळे म्हणजे काय डोळे! तेवढा गाल माझ्या हाती दे." इतके दिवस नबरा हसून पुढे जायची. त्या आठवड्यात मात्र ती वर चढली. सुहेरने कपाटातून बिनलेबलाची एक डबी काढली. आत पांढरं, किंचित गुलाबी, गुळगुळीत मलम. "हे आमचं मिश्रण. नवऱ्या मुलींना देते. दोन-चार गोष्टी आहेत त्यात, त्या सांगत नसतात. रात्री लाव नि गंमत बघ."

"जळजळ नाही ना होणार?"

"अगं, जरा चुणचुणेल. चुणचुणल्याशिवाय काही होतं का जगात?"

आधी तिने ते फक्त डागावर लावलं. डाग खरंच फिका झाला. पण आता त्याच्याभोवती उजळ गोल उठून दिसायला लागला, म्हणून मग पूर्ण गालावर. मग दुसरा गाल वेगळा दिसतो, म्हणून तिथेही. मग कपाळ, हनुवटी. एकातून एक निघत गेलं आणि प्रत्येक पाऊल बरोबरच वाटत होतं. थोड्याच दिवसांत तिचा चेहरा असा काही झाला की दुकानाचा मालक म्हणाला, "काय मदाम, सुट्टीवर जाऊन आलात की काय?" गिऱ्हाइकं तिच्याशी वेगळं बोलायला लागली. म्हणजे काय वेगळं, ते तिला सांगता आलं नसतं. "ए" चं "मदाम" झालं असेल, सुटे पैसे हातावर न टाकता हातात ठेवले जात असतील, इतकंच. आणि तिला ते आवडलं. शाझलीच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून आपण हे सुरू केलं, असं ती मनाशी म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. पण सकाळी न्हाणीघराच्या आरशात तो मऊ, दुधाळ चहासारखा गाल बघताना तिला शाझली आठवायचा नाही, हेही तितकंच खरं होतं.

आठवायचं ते दुसरंच. दक्षिणेतल्या कोम ओम्बोजवळच्या नुबी वसाहतीतून कैरोला आली तेव्हा ती आठ वर्षांची होती. शाळेतल्या मुली मधल्या सुट्टीत दंडाला दंड लावून रंग मोजायच्या. तिच्या दंडाला दंड लावायला सगळ्यांनाच आवडायचं. तिच्याशेजारी प्रत्येक मुलगी गोरी ठरायची. ती हात पुढे करायची, कारण तेवढ्यापुरतं तरी सगळ्या तिच्याभोवती असायच्या. वर्गाचा फोटो काढायच्या दिवशी बाईंनी तिला जवळ बोलावलं, पर्समधून पावडरचा डबा काढला आणि तिच्या तोंडावर भरपूर थापली. "नाहीतर फोटोत तुझे नुसते दातच येतील, बाळ." बाई प्रेमळ होत्या. त्यात काही वाईट नव्हतं त्यांच्या मनात. फोटोत एका राखाडी तोंडाची, काळ्या मानेची मुलगी आली. आईने तो फोटो हातात घेतला, पुष्कळ वेळ बघितला आणि विचारलं, "ही कुणाची पोर?" आई थट्टा करत होती की नाही, हे नबराला तेव्हा कळलं नव्हतं आणि पुढे विचारायचंही राहिलं. आई तिळाच्या तेलात चंदन उगाळून अंगाला लावायची. तिचे तळवे खरखरीत होते, पण तोंडावरून फिरले की झोप यायची. त्या तळव्यांना चेहरा बदलायचा नव्हता. तो जागेवर आहे ना, एवढंच ते चाचपून बघायचे.

शाझलीने पहिल्या दिवशी "हे कसलं औषध?" म्हणून विचारलं, "डागाचं" म्हटल्यावर मान हलवली. त्यानंतर कधी विषय नाही. पण घरात काहीतरी हळूहळू सरकत गेलं. तो न्हाणीघराचं दार लोटलेलं दिसलं की परत फिरायला लागला. दुकानापाशी घ्यायला यायचं कमी झालं. शिकवण्या वाढल्या म्हणाला. पूर्वी तो तिला लाडात आला की "सावळे" म्हणायचा. "सावळे, माझे मोजे कुठायत?", "सावळे, आज भात जमलाय." आता "नबरा, मोजे?" एवढंच. हुरघाद्याहून मुलाचा फोन यायचा तेव्हा पूर्वी दोघं एकाच पडद्यात तोंड घालून बोलायची, आता शाझली म्हणायचा, "आधी आईशी बोल, मग माझ्याशी." नबराच्या लक्षात हे सगळं येत होतं आणि येतही नव्हतं. रविवारी नुबी मंडळात कुणाचंसं लग्न होतं, तिथे एक मावशी तिच्या गालाला हात लावून म्हणाली, "अगंबाई! तू तर पार गोरीघारी झालीस. आता ह्या कोळशाबरोबर कशी गं बसतेस?" सगळ्या हसल्या. शाझलीही हसला. पण त्याने आपली खुर्ची तिच्या खुर्चीपासून वीतभर लांब सरकवली. ढोल वाजत होते, लोक रांगेने झुलत होते, आणि त्या वीतभर मोकळ्या जागेतून वारा येत होता असं तिला नंतर कितीतरी दिवस वाटत राहिलं.

मग सुहेर मुलीच्या बाळंतपणाला मन्सूराला गेली आणि सौंदर्यगृह बंद झालं. डबी संपली. पहिले दोन-तीन दिवस काही झालं नाही. मग एका सकाळी तोंड तापल्यासारखं लाल झालं. दुपारपर्यंत आग. कपाळावर बारीक पुळ्यांचं जाळं उठलं, गाल सोलल्यासारखे चरचरू लागले. साधं पाणी लागलं तरी डोळ्यांतून पाणी यायचं. डाग परत आला, तो एकटा आला नाही. दोन्ही गालांवर, वरच्या ओठावर, कानशिलापाशी काळेनिळे चट्टे, जणू चेहऱ्याखाली कुणीतरी शाई सांडली होती. मालक चांगला माणूस, तो म्हणाला, "मदाम, थोडे दिवस मागे बसून काचा घासा. पुढे मी बघतो." काचा घासायच्या खोलीत उजेड पांढरा आणि कोरडा होता. यंत्राच्या घरघरीत ती विचार करायची, की आपण एका डागातून सुटायला गेलो आणि चेहराच डाग झाला. आणि तरीही, याची तिला सर्वांत जास्त लाज वाटायची, त्या डबीची आठवण यायची. भूक लागल्यासारखी. अजून एक डबी मिळाली तर हे सगळं शांत होईल, हे तिला माहीत होतं. कातडीच ती मागत होती.

एका दुपारी ती लवकर घरी आली होती आणि ओल्या फडक्याने तोंड झाकून पडली होती. दार उघडल्याचा आवाज आला. शाझलीची पावलं नेहमीसारखी स्वयंपाकघराकडे गेली नाहीत. तो येऊन पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. दप्तर अजून खांद्यालाच होतं.

"नबरा, मी तुला कधी मारलंय?"

तिने फडकं काढलं.

"नाही, मला आठवत नाही म्हणून विचारतोय," तो म्हणाला. आवाज अगदी शांत, फळ्यावरचं गणित विचारावं तसा. "माणूस विसरतो. कधी झोपेत, रागात... मारलंय का मी तुला?"

"काय बोलतोयस? कुणी काय म्हटलं?"

"खालचे हाज रिफात. जिन्यात थांबवलं मला. खांद्यावर हात ठेवला. म्हणे, उस्ताज शाझली, तुम्ही शिकलेले, मुलांना शिकवता. राग सगळ्यांनाच येतो, पण बाईमाणसाच्या तोंडावर... म्हणे, माझी बायको रोज बघते हो, तिला झोप लागत नाही." तो थांबला. "मी त्यांना काय म्हणालो माहितीय? मी म्हणालो, जी. चुकलं. परत नाही होणार."

"का? असं का म्हणालास?"

"सुचलंच नाही दुसरं काही. ते इतक्या चांगुलपणानं बोलत होते गं."

नबरा उठून बसली. मग तिने सगळं सांगितलं, म्हातारी, तिचं बोट, 'हात झडोत', फुटपाथवर बदललेली बाजू. सांगताना तिला वाटत होतं की हे फार पूर्वीच सांगायला हवं होतं, इतकं ते छोटं होतं. एवढ्याशा गोष्टीपायी तिने कितीतरी महिने आपलं तोंड भाजून घेतलं होतं. शाझली खुर्चीवर बसला. दप्तर मांडीवर घेऊन तो त्याचा पट्टा सोडत-लावत राहिला.

"म्हणजे तू माझ्यासाठी," तो म्हणाला.

"मग तुला काय वाटलं?"

खाली गल्लीत कुणीतरी भंगार मागत चाललं होतं. "मला वाटलं, तू वैतागलीस. माझ्याबरोबर काळं दिसायला."

नबराने तोंड उघडलं, ते "नाही" म्हणायला. आणि तिला ते म्हणता येईना. दुधाळ चहाच्या रंगाचा गाल तिच्या डोळ्यांसमोर आला, हातात अलगद ठेवलेले सुटे पैसे आले, मंडळातलं ते हसणं आलं आणि त्या हसण्यात तिच्या पोटात उठलेली बारीकशी गुदगुली आली. खोटं बोलली असती तर त्याला ओळखू आलं असतं की नाही कोण जाणे. "थोडंसं," ती म्हणाली. "आधी नाही. नंतर, थोडंसं."

त्याने मान हलवली. रागावला नाही. एखाद्या पोराने उत्तर चुकवलं पण रीत खरी दाखवली की तो जशी हलवायचा तशी. "बरं," तो म्हणाला. "पाणी गरम करू? की गार हवंय?"

"गार."

तो उठला, स्वयंपाकघरात गेला, आणि बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. भांडंभर पाणी भरायला इतका वेळ लागत नाही, हे तिला कळत होतं.

मग दोघं कातडीच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरीणबाई मूळच्या खार्तूमच्या. त्यांचं नाव इजलाल. अब्दीनपासून दोन बस बदलून जावं लागायचं. दवाखान्याच्या भिंतीवर एकही चित्र नव्हतं. बाई स्वतः नबरापेक्षा चार छटा गडद, जाड भिंगांचा चष्मा, आणि बोलताना मधूनमधून खारवलेल्या भोपळ्याच्या बिया सोलून तोंडात टाकायची सवय. त्यांनी नबराचा चेहरा खिडकीपाशी नेऊन उजेडात बघितला, बोट न लावता, मग बोट लावून. "लिंबू?" त्यांनी विचारलं. नबराने मान खाली घातली. "लिंबू. आणि वरून ऊन. शाबास. आणि मग बिनलेबलाची डबी. पांढरी, गुलाबी झाक? रात्री लावा, चुणचुणेल?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही काय पहिल्या आहात का, बाई? सकाळपासूनच्या चौथ्या. त्यात कडक स्टेरॉइड असतं, रंग मारणारं औषध असतं, कधी पारासुद्धा असतो. डबी घेऊन या, थेंब शिल्लक असला तरी. सोडली की कातडी खवळते. तिला एकदम नाही तोडायचं, समजावत समजावत उतरवायचं. मी देईन ते हळू हळू कमी करत जाऊ."

"आणि डाग? लेझरनं जातो म्हणतात."

इजलालबाईंनी बी दाताखाली फोडली. "जातो. आणि तुमच्या-माझ्यासारख्यांच्या कातडीत दुप्पट होऊन परतही येतो, चुकीच्या हाती गेला तर. ऐका. आपली कातडी फार जागी असते. भाजलं, खाजलं, पुळी फुटली, कुणी घासलं, की ती आधी रंग पुढे करते. तेलाचा थेंब पडला, तिने रंग पुढे केला. तुम्ही लिंबू चोळलं, तिने अजून केला. ती तुमची वैरीण नाही, घाबरलीय. म्हणून आधी तिला शांत करायचं. घासायचं नाही, सोलायचं नाही, साबण साधा. उन्हाचं मलम रोज. ढग असले तरी, घरात खिडकीपाशी बसलात तरी."

"ते लावलं की मी राखेसारखी दिसते," नबरा म्हणाली. तिचा आवाज आपोआप बारीक झाला होता.

"कारण ते गोऱ्यांचं. तपकिरी रंग मिसळलेलं मिळतं, ते घ्यायचं. तो रंग नुसता शोभेला नसतो; डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही आपले डाग गडद होतात, त्याला तो अडवतो. आणि कुठलंही नवं औषध आधी कानामागे लावून बघायचं. दोन-तीन दिवस. तिथे चिडलं नाही तर तोंडावर." मग त्या चष्म्यावरून शाझलीकडे वळल्या, तो दाराशी दप्तर घेऊन उभा होता. "तुम्ही नवरा का? तुमचं काम एवढंच, घाई करायची नाही. रोज सकाळी उठून 'जरा फिका झाला का गं' असं विचारायचं नाही. महिने लागतील. समजलं, उस्ताज?"

"जी," शाझली म्हणाला. पोराला वर्गात उभं केल्यासारखा.

"आणि मी ह्यांना गोरं करणार नाही. ते काम माझ्याकडे होत नाही. ह्यांचा स्वतःचा रंग परत येईल, तो आला की आपण थांबायचं."

ते महिने सरळ गेले नाहीत. उतरवत उतरवत औषध बंद झालं तरी मधेच एखादा आठवडा पुळ्या उठायच्या. तेव्हा ती उशीत तोंड खुपसून पडायची आणि मन्सूराहून परत आलेल्या सुहेरच्या जिन्याकडे तिचे पाय वळायला बघायचे. एकदा तर ती चार पायऱ्या चढलीसुद्धा. वरून वाफेच्या यंत्राचा फुसफुस आवाज आणि कुणा नवरीचं हसणं येत होतं. ती उतरून खाली आली आणि काचा घासायला बसली. सुहेर पुढे जिन्यात भेटली तेव्हा नबराने तिला डबीत काय होतं ते डॉक्टरीणबाईंच्या शब्दांत सांगितलं. सुहेर लाल झाली. "माझ्याकडे येणाऱ्या मुली मेल्या होय? स्वतःच्या मुलीलाही तेच दिलंय मी," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा आवाज मधेच थांबला. त्यानंतर ती नबराशी बोलेनाशी झाली. भिंतीवरच्या बायका तशाच राहिल्या.

हाज रिफात जिन्यात शाझलीला भेटले की खांदा थोपटायचे, "बघा, सुधारलात की नाही?" असं त्यांच्या थोपटण्यात असायचं. नबरा म्हणायची, मी जाऊन सांगते त्यांना. शाझली म्हणायचा, राहू दे. "त्यांच्या बायकोला आता झोप लागते." हे तो थट्टेने म्हणायचा, पण एकदा स्वयंपाकघरात तांदूळ निवडता निवडता तो अचानक म्हणाला, "त्या दिवशी 'चुकलं' म्हणालो ना, ते उगीच नाही म्हणालो. तुला काहीतरी लागतंय हे दिसत होतं मला. आणि मी खुर्ची लांब सरकवून बसलो." नबराने त्याच्या हातातलं ताट काढून घेतलं, कारण तो खडे टाकायच्या ऐवजी तांदूळ टाकत होता.

सकाळी ती तपकिरी मलम लावायची. सुरुवातीला घाईत, दार लावून. मग दार उघडं ठेवून. बोटावरचा रंग आणि गालाचा रंग एकमेकांत मिसळून जाताना बघायचं तिला वेड लागलं. कुठे मलम संपतं आणि कुठे आपण सुरू होतो, हे कळेनासं झालं की हात थांबवायचा. हळूहळू तिच्या लक्षात आलं, की आपला म्हणून जो रंग आपल्याला पाठ आहे असं वाटत होतं, तो आपण कधी बघितलाच नव्हता. तो एकच नव्हता. कपाळाला लालसर होता, डोळ्यांखाली जांभळट, मानेकडे खजुराच्या कोयीसारखा. इतके रंग तिच्या तोंडावर राहत होते आणि ती एकाच शब्दाने त्यांना हाक मारत आली होती. काही चट्टे विरले. काही रुसून बसले. हिवाळा आला, आणि मालकाने तिला पुन्हा पुढच्या काउंटरवर उभं केलं.

इजलालबाईंनी शेवटचं बघितलं त्या दिवशी त्यांचा दवाखाना भरलेला होता, तरी त्या तिला खिडकीपाशी घेऊन गेल्या. मान इकडून तिकडे वळवून बघितलं. "छान आहे," त्या म्हणाल्या. "आता हा एवढा राहील."

"एवढा?"

"ह्या थेंबाचा. खोल गेलाय. आणखी मागे लागलात तर बिघडवाल. उन्हाचं मलम चालू ठेवा, बाकी सगळं बंद. आणि मला इथे पुन्हा तोंड दाखवू नका." त्या हसल्या आणि हातातल्या बिया तिच्या ओंजळीत टाकून पुढच्या बाईकडे वळल्या.

नबरा जिना उतरली. तिला वाईट वाटायला हवं होतं. वाईट वाटलं, पण पायऱ्या संपेपर्यंत. खाली फुटपाथवर हिवाळ्याचं तिरकं ऊन पडलं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानापाशी शाझली संत्र्याच्या रसाचे दोन पेले घेऊन उभा होता, सांडू नयेत म्हणून दोन्ही कोपरं अंगाला चिकटवून. बसथांब्यावर माणसं दाटली होती.

"काय म्हणाल्या?"

"एवढा राहील म्हणाल्या."

"म्हणजे किती?"

"हा," ती म्हणाली आणि तिने गाल त्याच्याकडे केला.

शाझलीने दोन्ही पेले दुकानाच्या कट्ट्यावर ठेवले. एरवी रस्त्यात तिची बाहीही न धरणाऱ्या त्या माणसाने डावा हात वर केला, ओल्या बोटांनी तिची हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं. चष्मा कपाळावर सारून तो अगदी जवळून बघू लागला; गणित तपासताना बघायचा तसा, ओठ पुढे काढून. थांब्यावरच्या एका बाईने त्यांच्याकडे पाहिलं. हात पाहिला, गाल पाहिला, मग शेजारणीला कोपराने ढोसलं. आणखी दोघं-तिघं वळली. नबराला ते सगळं डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होतं. तिची मान आपोआप ताठ झाली, ओढणीकडे हात निघाला. मग तो अर्ध्या वाटेत थांबला आणि खाली आला. बघू देत.

"सापडला?" तिने विचारलं.

"थांब गं, हलू नकोस," शाझली म्हणाला.